जमिनीच्या व्यवहारातील मध्यस्थ : कर्तव्य कोणाप्रती आणि कोठवर?

गोव्यातील कोणत्याही गावाच्या रस्त्यावरून जाताना ‘जागा विकणे आहे’ असा फलक दिसतो आणि त्याखाली एक मोबाइल क्रमांक असतो. तो क्रमांक बहुधा मालकाचा नसतो. मालक मुंबईत, पुण्यात, लंडनमध्ये किंवा लिस्बनमध्ये असतो, क्वचित त्याच गावात असूनही वयोमानामुळे धावपळ करू शकत नसतो. फोन उचलणारा माणूस मध्यस्थ असतो. कोणी त्याला दलाल म्हणतात, कोणी एजंट, कोणी ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’. विकणाऱ्याला तो आपला माणूस वाटतो आणि घेणाऱ्यालाही तो आपलाच वाटतो. आयुष्यभराची बचत ज्या व्यवहारात ओतली जाते, त्या व्यवहाराची पहिली माहिती या एका माणसाच्या तोंडून मिळते. म्हणून त्याचे कायदेशीर कर्तव्य नेमके कोणाप्रती आहे आणि ते कोठवर जाते, हे पैसे हातातून जाण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

या प्रश्नाचे उत्तर एका कायद्यात मिळत नाही. नव्या गृहप्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड असेल तर एक कायदा लागू होतो. वाडवडिलांचे घर, भाट किंवा सुटा भूखंड असेल तर बहुतांशी दुसराच, दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा उपयोगी पडतो. सर्वसामान्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो. ‘रेरा आहे ना’ या भरवशावर अनेक जण अशा व्यवहारात उतरतात, ज्याला रेराचा स्पर्शही होत नाही.

मध्यस्थ कोणास म्हणावे?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा ‘रेरा’ या नावाने ओळखला जातो. त्याची काही कलमे १ मे २०१६ रोजी आणि उर्वरित कलमे १ मे २०१७ रोजी अमलात आली. गोवा सरकारने त्याखालील नियम २०१७ साली अधिसूचित केले. या कायद्याने मध्यस्थाची व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवली आहे. स्थावर संपदा प्रकल्पातील भूखंड, सदनिका किंवा इमारत यांच्या विक्रीत एका पक्षाच्या वतीने बोलणी करणारा आणि त्याबद्दल दलाली, शुल्क किंवा अन्य मोबदला घेणारा इसम हा मध्यस्थ होय. केवळ घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची कोणत्याही माध्यमातून ओळख करून देणाराही त्यात येतो. प्रॉपर्टी डीलर, ब्रोकर, दलाल अशी नावे कोणतीही असोत, कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात फरक नाही.

ही व्याख्या ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘मी फक्त ओळख करून दिली, माझा व्यवहाराशी संबंध नाही’ असे सांगून पुढे हात झटकणारे पुष्कळ भेटतात. प्रकल्पातील व्यवहारात ओळख करून देण्याचे पैसे घेतले असतील तर हा बचाव टिकण्यासारखा नाही.

नोंदणीकृत प्रकल्पातील पाच बंधने

रेराच्या कलम ९ आणि १० मध्ये मध्यस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. ती थोडक्यात अशी.

पहिले, प्राधिकरणाकडे स्वतःची नोंदणी केल्याशिवाय त्याला नोंदणीकृत प्रकल्पातील कोणत्याही खरेदी-विक्रीत भाग घेता येत नाही. नोंदणी झाल्यावर मिळालेला क्रमांक त्याने जुळवून दिलेल्या प्रत्येक विक्रीत नमूद करावा लागतो.

दुसरे, जो प्रकल्प कायद्यानुसार नोंदवणे आवश्यक असूनही नोंदवलेला नाही, त्यातील सदनिका किंवा भूखंड त्याने विकायला मदत करता कामा नये. ‘नोंदणीची प्रक्रिया चालू आहे, आता घेतले तर भाव कमी पडेल’ असा सल्ला देणारा मध्यस्थ स्वतःच कायदा मोडत असतो.

तिसरे, हिशेबाच्या वह्या, नोंदी आणि कागदपत्रे त्याने जपून ठेवली पाहिजेत.

चौथे, अनुचित व्यापारी प्रथांपासून त्याने दूर राहिले पाहिजे. सेवेच्या दर्जाविषयी खोटे सांगणे, विकासकाला किंवा स्वतःला नसलेली मान्यता असल्याचे भासवणे, दिशाभूल करणारे विधान करणे, ज्या सेवा द्यायच्याच नाहीत त्यांची जाहिरात छापू देणे, हे सर्व त्यात येते. विधान तोंडी असो, लेखी असो वा चित्ररूप असो, कायदा तिन्हींना सारखेच मानतो. माहितीपत्रकात रंगवलेला तरणतलाव हेही विधानच होय.

पाचवे, नोंदणी म्हणजे बुकिंग करताना ग्राहकाला जी माहिती आणि जे दस्तऐवज मिळण्याचा अधिकार आहे, ते सर्व त्याच्या हाती पडतील अशी व्यवस्था करणे हे मध्यस्थाचे काम आहे. मंजूर आराखडे, परवाने आणि मालकीहक्काची कागदपत्रे ‘कार्यालयात येऊन पाहा’ असे म्हणून टाळता येत नाहीत.

कलम ९ किंवा १० चा भंग झाल्यास प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. एकूण दंडाची मर्यादा, ज्या मालमत्तेची विक्री त्याने जुळवली तिच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ८० लाखांच्या सदनिकेच्या व्यवहारात दंड ४ लाखांपर्यंत पोहोचू शकतो, आणि ही रक्कम सर्वसाधारण दलालीपेक्षा अधिक आहे. याखेरीज नोंदणीच्या अटी मोडल्यास किंवा नोंदणी फसवणुकीने मिळवली असल्यास, मध्यस्थाला बाजू मांडण्याची संधी देऊन प्राधिकरण ती रद्द किंवा निलंबित करू शकते.

शेजारच्या महाराष्ट्रात महारेराने याच्याही पुढचे पाऊल टाकले. २०२३ साली तेथे मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा अनिवार्य करण्याचा निर्णय झाला. मुंबई-पुण्याच्या प्रकल्पात गुंतवणूक करणाऱ्या गोमंतकीयांनी तेथील मध्यस्थाकडे नोंदणी क्रमांकाबरोबर हे सक्षमता प्रमाणपत्रही मागावे.

रेराची कुंपणे

आता या कायद्याच्या मर्यादा पाहू. ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नाही, किंवा ज्यात सर्व टप्पे मिळून आठपेक्षा अधिक सदनिका नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. गोव्यात अशा लहान इमारतींची संख्या कमी नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मध्यस्थाची व्याख्याच ‘स्थावर संपदा प्रकल्पा’शी बांधलेली आहे. म्हणून सत्तरीतील काजूची बागायत, बार्देशातील जुने कौलारू घर, सासष्टीतील वडिलोपार्जित भाट किंवा फोंड्यातील कोणा खासगी मालकाचा एकटा भूखंड यांची विक्री जुळवणारा माणूस सामान्यतः या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्याला नोंदणी लागत नाही आणि कलम १० ची बंधनेही त्याच्यावर येत नाहीत.

म्हणजे अशा मध्यस्थावर कोणतेच कर्तव्य नाही असे मात्र नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे दहावे प्रकरण ‘अभिकर्ता’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा आणि ‘प्रकर्ता’ म्हणजे त्याला नेमणारा, यांच्या नात्याविषयी आहे. ते प्रत्येक मध्यस्थाला लागू पडते, मग तो नोंदणीकृत असो वा नसो. अडचण एवढीच की, त्यातील हक्क बजावण्यासाठी आधी ‘हा माणूस माझा अभिकर्ता होता’ हे सिद्ध करावे लागते. नेमणूक तोंडी असेल तर नेमके तेच कठीण जाते.

ज्याने नेमले त्याच्याप्रती

करार कायद्यानुसार मध्यस्थाने नेमणाऱ्याच्या सूचनांप्रमाणे काम केले पाहिजे. मालकाने ‘एक कोटीच्या खाली बोलू नका’ असे सांगितले असेल तर ९० लाखांचा शब्द देण्याचा अधिकार त्याला नाही. त्या धंद्यात सर्वसाधारणपणे अपेक्षित असलेले कौशल्य आणि दक्षता त्याने दाखवली पाहिजे. अडचण उद्भवल्यास नेमणाऱ्याशी संपर्क साधून त्याचे म्हणणे घेतले पाहिजे. मागितल्यावर हिशेब दिला पाहिजे आणि नेमणाऱ्याच्या वतीने मिळालेली रक्कम, स्वतःला कायदेशीरपणे देय असलेले वजा करून, त्याच्या हवाली केली पाहिजे.

या सर्वांच्या मुळाशी निष्ठेचे कर्तव्य आहे, आणि ते कलम २१५ व २१६ मध्ये स्पष्ट झाले आहे. १८७२ च्या कायदेकर्त्यांनी या कलमांना जोडलेली उदाहरणे आजच्या गोव्यासाठी लिहिल्यासारखी वाटतात. एका उदाहरणात मालक आपली इस्टेट विकण्यासाठी मध्यस्थ नेमतो. मध्यस्थ ती तिसऱ्याच माणसाच्या नावाने स्वतःच विकत घेतो. मध्यस्थाने महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे दडवली किंवा विक्री आपल्याला तोट्याची झाली, हे मालकाने दाखवून दिले तर तो ती विक्री नाकारू शकतो. दुसऱ्या उदाहरणात इस्टेट पाहताना मध्यस्थाला तेथे खाण असल्याचा शोध लागतो. मालकाला त्याची कल्पना नसते. मध्यस्थ ‘मीच ही जागा घेतो’ असे सांगतो, पण खाणीची गोष्ट लपवतो. हे उघडकीस आल्यावर विक्री नाकारायची की कायम ठेवायची, हे ठरवण्याचा अधिकार मालकाला मिळतो.

तिसरे उदाहरण खरेदीदाराच्या बाजूचे आहे. एक जण अमुक घर आपल्यासाठी विकत घ्या, असे मध्यस्थाला सांगतो. ‘ते मिळू शकत नाही’ असे सांगून मध्यस्थ ते स्वतःच घेतो. असे झाल्यास मध्यस्थाने दिलेल्या किमतीलाच ते घर आपल्याला विकावे, अशी सक्ती नेमणारा करू शकतो.

हीच तत्त्वे आपल्याकडील एका परिचित प्रकाराला लावून पाहू. परदेशी असलेल्या मालकाला मध्यस्थ सांगतो, ‘तुम्हाला ९० लाख हातात देतो, वरचे माझे.’ मालक होकार देतो. पुढे खरेदीदाराकडून १ कोटी १५ लाख घेतले जातात. येथे मालकाने ‘वरचे तुझे’ या अटीला जाणतेपणी संमती दिली असेल तर तो करार झाला. परंतु बाजारभाव काय आहे आणि खरेदीदार किती द्यायला तयार आहे, हे दडवून ती संमती मिळवली असेल तर प्रश्न उभा राहतो. आणि अशी अट मुळात नसताना मध्यस्थाने फरक खिशात घातला असेल, तर तो लाभ मागण्याचा मालकाचा दावा बळकट ठरतो. गैरवर्तन करणाऱ्या मध्यस्थाचा त्या कामाच्या मोबदल्यावरील हक्कही कलम २२० नुसार जातो.

समोरच्या पक्षाप्रती

विकणाऱ्याने नेमलेला मध्यस्थ खरेदीदाराचा सल्लागार नसतो. खरेदीदाराला कमीत कमी भावात जागा मिळवून देणे हे त्याचे काम नाही, त्याच्या अगदी उलट आहे. म्हणून ‘मालक किती खाली येईल?’ हा प्रश्न त्याला विचारण्यात फारसा अर्थ नसतो, आणि ‘मी जास्तीत जास्त इतके देऊ शकतो’ हे त्याच्यापाशी बोलून ठेवणे तर शहाणपणाचे नाहीच.

तरीही समोरच्या पक्षाशी खोटे न बोलण्याचे बंधन त्याच्यावर आहेच. जी गोष्ट खरी नाही हे ठाऊक आहे ती खरी म्हणून सांगणे, किंवा ठाऊक असलेली गोष्ट फसवण्याच्या हेतूने कृतीने झाकणे, याला करार कायदा कपट म्हणतो. कामाच्या ओघात मध्यस्थाने केलेल्या कपटाचा किंवा चुकीच्या निवेदनाचा करारावर होणारा परिणाम, ते मालकाने स्वतः केल्यासारखाच असतो, असे कलम २३८ सांगते. मालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या नकळत मध्यस्थाने ‘येथे बांधकामाला हरकत नाही’ असे सांगून जागा विकली, तर तो करार खरेदीदाराच्या इच्छेनुसार रद्द होण्यास पात्र ठरू शकतो.

मौनाची गोष्ट अधिक नाजूक आहे. केवळ गप्प राहणे हे सामान्यतः कपट ठरत नाही. बोलणे हे कर्तव्य असेल तरच मौन दोषास्पद होते. स्थावर मालमत्तेच्या बाबतीत मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५५ ने विक्रेत्यावर असे कर्तव्य टाकले आहे. मालमत्तेतील किंवा तिच्या मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला ठाऊक आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नाही, तो उघड करणे त्याला भाग आहे. भिंतीवर दिसणारी भेग खरेदीदाराने स्वतः पाहायची. भावाभावांत चाललेला दावा मात्र विक्रेत्याने सांगायचा. खरेदीदार एखादा प्रश्न थेट विचारतो तेव्हा मध्यस्थाला अर्धे उत्तर देऊन सुटता येत नाही, कारण अर्धे सत्य पुष्कळदा पूर्ण असत्याचेच काम करते.

दोन्हीकडून दलाली

गोव्यात, आणि इतरत्रही, एकच मध्यस्थ दोन्ही पक्षांकडून दलाली घेतो. कायद्याने या प्रथेला सरसकट बंदी नाही. पण दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी पूर्ण निष्ठेने करता येत नाही. एकाला अधिक भाव हवा असतो, दुसऱ्याला कमी. ही गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक असून त्यांनी मान्य केली असेल तर मध्यस्थाची भूमिका निरोप्याची आणि व्यवस्थापकाची होते. अशा वेळी भाव ज्याने त्याने आपल्या बळावर ठरवावा. एका पक्षाला अंधारात ठेवून दुसऱ्याकडून मोबदला घेतला असेल तर मात्र तो निष्ठेचा भंग होय. ‘तुम्ही समोरच्याकडूनही काही घेणार आहात का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच बाळगू नये. प्रामाणिक मध्यस्थ त्याचे उत्तर सरळ देतो.

गोव्यातील मध्यस्थाला ठाऊक असलेच पाहिजे असे

दक्षतेचे कर्तव्य कागदावर सर्वत्र सारखेच असले तरी प्रत्यक्षात ते प्रदेशानुसार बदलते. गोव्यात जमिनीचे व्यवहार करणाऱ्याला पुढील गोष्टींचे भान नसेल तर त्याने दक्षता बाळगली असे म्हणता येणार नाही.

एक-चौदाचा उतारा हा महसुली नोंदीचा कागद आहे. त्यातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते, पण तेवढ्याने मालकीहक्क सिद्ध होत नाही. त्यासाठी खरेदीखत, वारसाचे दस्तऐवज आणि आवश्यक तेथे पोर्तुगीजकालीन भूनोंदणीतील वर्णन व नोंद पाहावी लागते. केवळ उताऱ्यावर नाव दाखवून ‘टायटल क्लिअर आहे’ असे सांगणारा मध्यस्थ एक तर अनभिज्ञ असतो, नाही तर निष्काळजी.

पती-पत्नीच्या संपत्तीविषयी गोव्याचा कायदा पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर संपत्ती दोघांची सामायिक मानली जाते, आणि स्थावर मालमत्ता विकताना जोडीदाराची संमती लागते. वडिलोपार्जित मालमत्तेत तर प्रत्येक वारस आणि त्याचा जोडीदार मोजावा लागतो. वारसांची इन्व्हेंटरी प्रक्रिया पूर्ण झाली आहे की नाही, हे न विचारता विसार घेणे म्हणजे पुढच्या दाव्याला आमंत्रण देणे होय.

जागेत मुंडकार किंवा कूळ आहे का, हा प्रश्न तितकाच मूलभूत आहे. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आणि १९६४ चा कृषी कूळ कायदा यांनी दिलेले हक्क जमिनीची मालकी बदलली म्हणून संपत नाहीत. ‘ते घर काय, आज ना उद्या उठवू’ हे वाक्य ऐकले की खरेदीदाराने तेथेच थांबावे. कोमुनिदादीच्या जमिनीबाबतही तोच सावधपणा हवा.

जमिनीचा विभाग कोणता, हे नगरनियोजन खात्याच्या झोनिंग प्रमाणपत्रावरून कळते. बिगरशेती वापराची परवानगी सनदेवरून कळते. यांपैकी एक असले म्हणजे दुसरे असतेच असे नाही. ‘आज ऑर्चर्ड आहे, सहा महिन्यांत सेटलमेंट करून देतो’ असे आश्वासन देण्याचा अधिकार कोणाही मध्यस्थाला नाही, कारण तो निर्णय त्याच्या हातात नाही. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) आणि ३९(अ) या कलमांवरून न्यायालयापर्यंत गेलेले वाद वाचकांना ठाऊक आहेत. भातशेतीच्या जमिनी शेतकरी नसलेल्यांना हस्तांतरित करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आणले आहेत. किनाऱ्यालगत किंवा नदीकाठी जागा असेल तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम तपासावे लागतात.

परदेशी पारपत्र घेतलेल्या गोमंतकीयांची संख्या मोठी असल्याने फेमा कायद्याचे ज्ञानही आवश्यक ठरते. ‘ओसीआय’ कार्डधारकाला घर किंवा व्यापारी जागा विकत घेता येते, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस घेता येत नाही. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराने कापावयाच्या आयकराचे नियमही निराळे असतात.

मुखत्यारपत्रावर चालणाऱ्या व्यवहारांत दुप्पट सावधगिरी हवी. मुखत्यारपत्र, साठेखत किंवा मृत्युपत्र यांच्या आधारे होणाऱ्या ‘विक्री’ने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. मालकाच्या वतीने रीतसर मुखत्याराने नोंदणीकृत खरेदीखतावर सही करणे ही वेगळी गोष्ट आहे. ती चालते, मात्र मालक हयात आहे आणि मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, याची खात्री करून घेतली पाहिजे.

हे सारे पुस्तकी वाटू नये. मृत किंवा परदेशस्थ मालकांच्या जमिनी बनावट कागदपत्रांच्या आधारे बळकावल्याची प्रकरणे उघड झाल्यानंतर २०२२ साली राज्य सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. जमीन हातची गेल्यानंतर मालकाला कळते, खरेदीदाराचे पैसे अडकून पडतात, आणि दोघांनाही न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. मधल्या माणसाने एक साधा प्रश्न वेळेवर विचारला असता तर यातले काही टळले असते.

विसार, रोकड आणि दलाली

दलालीचा दर केंद्रीय रेरा कायद्याने ठरवून दिलेला नाही. प्रथेने बहुधा व्यवहाराच्या १ ते २ टक्के रक्कम बोलली जाते, पण ती केवळ प्रथा आहे आणि दर बोलणीने ठरतो. वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत मोबदला देय होत नाही, असे करार कायद्याचे कलम २१९ सांगते. परंतु ‘काम पूर्ण होणे’ म्हणजे साठेखत की खरेदीखत, यावरूनच बहुतेक भांडणे होतात. म्हणून दर, टप्पे आणि व्यवहार फिसकटल्यास काय, हे आधीच लिहून घ्यावे. मध्यस्थ जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के कर वेगळा लागतो, हेही विचारून घ्यावे.

विसाराची रक्कम मध्यस्थाच्या हाती न देता थेट मालकाच्या बँक खात्यात भरावी. आयकर कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या व्यवहारापोटी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. निवासी विक्रेत्याकडून ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीची जागा घेताना खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून सरकारजमा करायचा असतो. नोंदणीकृत प्रकल्पात तर साठेखताची नोंदणी होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

‘अर्धे काळे, अर्धे पांढरे’ असा सल्ला देणारा मध्यस्थ आपल्या ग्राहकाला संकटात लोटतोच, पण स्वतःचाही धोका वाढवतो. २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेनुसार, वार्षिक उलाढाल २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असलेले स्थावर मालमत्तेचे मध्यस्थ काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे पीएमएलएच्या कक्षेत आले आहेत. ग्राहकाची ओळख पटवणे, नोंदी ठेवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे हे त्यांचे कर्तव्य झाले आहे. पॅन आणि आधार मागणारा मध्यस्थ त्रास देत नसून कायदा पाळत आहे, हे ग्राहकांनीही समजून घ्यावे.

एका पानाचा कागद

प्रकल्पाबाहेरच्या व्यवहारात आपले संरक्षण प्रामुख्याने लेखी नेमणुकीवर अवलंबून असते. त्यासाठी मोठा दस्तऐवज लागत नाही. एका पानावर पुढील बाबी असल्या तरी पुरे:

– मध्यस्थाला कोणी नेमले आणि कोणत्या मालमत्तेसाठी. सर्वेक्षण क्रमांक, गाव आणि तालुका.
– नेमणूक किती काळासाठी. ती एकट्यालाच दिली आहे की इतरांनाही.
– अपेक्षित किंमत, आणि आलेला प्रत्येक प्रस्ताव मालकाला कळवण्याची अट.
– दलालीचा दर, ती कोणत्या टप्प्यावर देय होईल आणि समोरच्या पक्षाकडून मोबदला घेतला जाणार आहे का.
– ठरलेल्या किमतीच्या वरची कोणतीही रक्कम मालकाचीच असेल, हे स्पष्ट वाक्य.
– मध्यस्थ किंवा त्याचे नातेवाईक स्वतः खरेदीदार असतील तर ते आधी लेखी कळवण्याची अट.
– मध्यस्थाला विसार स्वीकारण्याचा किंवा सही करण्याचा अधिकार आहे की नाही.
– मालकाने दिलेल्या कागदपत्रांची यादी. मूळ प्रती देऊ नयेत.

खरेदीदारानेही मध्यस्थाने केलेली महत्त्वाची विधाने, निदान व्हॉट्सअॅपवर तरी, लेखी मागून घ्यावीत. ‘मुंडकार नाही, दावा नाही, रस्ता सहा मीटरचा आहे’ हे तोंडी सांगणारा ते लिहून द्यायला कचरत असेल, तर तेवढ्यानेही पुष्कळ कळते. आणि मध्यस्थ कितीही भला असला तरी मालकीहक्काची तपासणी स्वतंत्र वकिलाकडूनच करून घ्यावी. मध्यस्थानेच सुचवलेला आणि दोन्ही पक्षांसाठी काम करणारा वकील येथे उपयोगाचा नाही.

बिनसले तर

नोंदणीकृत प्रकल्पातील व्यवहारात मध्यस्थाविरुद्ध रेराच्या कलम ३१ खाली गोवा स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांच्या आत जाता येते. प्रकल्पाची आणि मध्यस्थाची नोंदणी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावी, आणि हे काम तक्रारीच्या वेळी नव्हे तर पहिल्या भेटीआधी करावे.

प्रकल्पाबाहेरच्या व्यवहारात मोबदला देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. हिशेब, नुकसानभरपाई किंवा करार रद्द करण्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. विसाराचे पैसे मध्यस्थानेच हडप केले असतील किंवा बनावट कागद दाखवले असतील तर पोलिसांत तक्रार करावी. धंद्याच्या ओघात विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार करणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये कठोर शिक्षेची तरतूद आहे, आणि त्यात बँकर व व्यापाऱ्यांबरोबर दलालाचाही स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

मध्यस्थ हा जमिनीच्या बाजारातील उपरा घटक नाही. परगावी असलेल्या मालकाचे घर उघडून दाखवणारा, मामलेदार कार्यालयात खेपा घालणारा, चार वारसांची मने वळवणारा असा जाणता मध्यस्थ नसता तर कितीतरी व्यवहार झालेच नसते. त्याच्या कष्टाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, आणि काम झाल्यावर दलाली बुडवणारे घेणारे-विकणारेही आहेत, हेही मान्य केले पाहिजे. लेखी नेमणूक म्हणूनच त्याच्यावरचा अविश्वास नव्हे. प्रामाणिक मध्यस्थाची दलाली ज्या कागदाने सुरक्षित होते, त्याच कागदाने मालकाची किंमत आणि खरेदीदाराचा विसारही सुरक्षित होतो. पुढच्या वेळी फलकावरील क्रमांक फिरवाल, तेव्हा जागेच्या भावाआधी हा प्रश्न विचारा : ‘तुमची नेमणूक कोणी केली आहे, आणि तसा कागद आहे का?’